गडग्यावरचे सहा रिमोट

"अगो वृंदा, हातातलं आटोपलं असलं तर जरा गडग्यापाशी ये," असं मालतीकाकूंनी म्हटलं की आटोपलेलं नसलं तरी जायचं असतं. त्यांनी कापडी पिशवी चिऱ्यांवर पालथी केली. सहा रिमोट. त्यातला एक घरंगळून माझ्या बाजूच्या अबोलीत पडला.

"काकू, दुकान काढताय?"

"मी कसली काढत्येय! चिन्मय काढून देऊन गेला. गणपतीत आला तेव्हा भला थोरला टीव्ही आणला. टीव्हीखाली तो लांबडा स्पीकर. मागे ती काडी खुपसली, नेटवरचं बघायला. केबलचा डबा होताच. आतल्या खोलीत एसी. आणि हा तुझ्या अबोलीतला पंख्याचा."

"नवे पंखे येतात तसे. वीज कमी खातात."

"खाऊ देत नाहीतर उपाशी राहू देत. काल ह्यांनी बातम्यांचा आवाज वाढवायला बटण दाबलं, तर पंखा गरागरा सुटला. टीपॉयवरचा पेपर उडून स्वयंपाकघरात माझ्या पायाशी. बातम्या होत्या तश्शाच मुक्या."

काकूंचे यजमान, नाना, एसटीत वाहतूक नियंत्रक होते. अख्ख्या डेपोच्या गाड्या सोडणाऱ्या माणसाला एक पंखा आवरत नाही, याचं काकूंना दुःख होतं असं मी म्हणणार नाही.

"चिन्मय म्हणतो, आई, आता एकच प्रोग्रामेबल रिमोट मागवतो. सगळं त्याच्यावर चालेल. अडीच हजार म्हणे. म्हटलं थांब, आधी वृंदाला विचारत्ये." फिजिक्सच्या लॅबमध्ये नोकरी केली की आळीतली मिक्सरपासून इन्व्हर्टरपर्यंत सगळी प्रकरणं आपल्या दारात येतात.

"किमतीचं नंतर बघू. आधी सांगा, नाना टीव्हीसमोर बसले की कुठली बटणं दाबतात?"

काकूंनी बोटं मोजली. "चालू, बंद. आवाज वर, आवाज खाली. पुढचं चॅनल, मागचं चॅनल. आणि चुकून लागतं ते."

"आणि तुम्ही?"

"मला दुपारी यूट्यूबवर कीर्तन लागतं. ते काडीच्या रिमोटने जमतं. खरं सांगू? तो चिमुकला मला आवडतो. बटणंच कमी."

"मग नानांच्या सहा बटणांसाठी पन्नास बटणांचा रिमोट कशाला? दुकानदार विचारतो, घरात यंत्रं किती. मोजायची असतात बटणं."

"म्हणजे घ्यायचाच नाही?" काकूंचा चेहरा जरा उतरला. वस्तू नको असली तरी ती घ्यायची चर्चा हवी असते.

"असं कुठे म्हटलं? बघू तर खरं."

काकूंनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे आहे हो तसला. मुलाने अमेरिकेहून आणलेला. हळदीकुंकवाला गेले होते तेव्हा वहिनींनी मुद्दाम करून दाखवलं. एक बटण दाबलं की टीव्ही, स्पीकर, डबा, सगळं ओळीने सुरू. आम्ही हातात वाण घेऊन बघत बसलो. आता तोच रिमोट कपाटावर पडलाय. धूळ खात!"

"हार्मनी असणार तो. कॅनडातल्या एका लहानशा कंपनीने काढला आणि २००४ मध्ये लॉजिटेकने ती कंपनीच विकत घेतली. कल्पना फार छान होती, काकू. इतर रिमोटांवर यंत्रांची बटणं असतात, टीव्ही, डीव्हीडी अशी. याच्यावर कामांची. 'टीव्ही बघायचाय', 'गाणी ऐकायचीत'. आपण काम सांगायचं. कुठलं यंत्र उठवायचं, टीव्ही कुठल्या एचडीएमआयवर न्यायचा, आवाज टीव्हीचा वाढवायचा की स्पीकरचा, ते त्याने बघायचं."

"एवढा गुणाचा, मग कपाटावर का?"

"वीज जाते ना आपल्याकडे."

"त्याला सेल असतात की."

"त्याला असतात, टीव्हीला नसतात. असं बघा, टीव्हीच्या रिमोटवर लाल बटण एकच. चालू असेल तर बंद, बंद असेल तर चालू. रिमोटला समोरचं काही दिसत नाही. तो आपल्या मनाशी धरून चालतो, की मी मघाशी दोघांना उठवलंय, म्हणजे दोघं जागे. मध्येच वीज गेली नि आली. टीव्ही झोपूनच राहिला, केबलचा डबा मात्र आपणहून सुरू झाला. आता रिमोटने दोघांना एकेक इशारा दिला की टीव्ही उठतो आणि डबा झोपतो. पुन्हा दिला की उलट."

"तरीच! वहिनी म्हणत होत्या, दोघं कधी एका वेळी जागे म्हणून नसतात. मला वाटलं, डॉक्टरांच्या नाइट ड्यूटीबद्दल बोलतायत."

"त्याच्यावर उपाय ठेवलेला असतो. मदतीचं बटण दाबलं की रिमोट विचारतो, टीव्ही चालू आहे का? आपण नाही म्हटलं की तो इशारा परत पाठवतो."

"रिमोट आपल्याला विचारणार? मग चाकरी कोण कुणाची करतंय गो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. खरा उपाय दुसरा आहे. काही टीव्हींना 'चालू हो'चा इशारा वेगळा कळतो आणि 'बंद हो'चा वेगळा, रिमोटवर तशी दोन बटणं नसली तरी. घरात थिएटर उभारून देणारे जाणते लोक आधी हेच दोन इशारे हुडकतात. ते सापडले की टीव्ही आधी काय करत होता याने फरक पडत नाही. चालू असलेल्याला 'चालू हो' सांगितलं तर तो चालूच राहतो. ओळीने हुकूम सोडण्याला मॅक्रो म्हणतात आणि त्यात आणखी एक खुबी असते, थांबण्याची. टीव्हीला जागं व्हायला चार-पाच सेकंद लागतात. तेवढ्यात पुढचा हुकूम गेला तर तो फुकट. म्हणून मधे थांबा घालावा लागतो. ज्यांच्याकडे प्रोजेक्टर आहे, मोठा ॲम्प्लिफायर आहे, ब्लू-रे आहे, त्यांनी हे सगळं जरूर करावं, पैसे वसूल होतात. पण लॉजिटेकने २०२१ च्या एप्रिलमध्ये हार्मनी बनवणं बंद केलं. आहेत ते चालतात. नवीन यंत्र शिकवायचं झालं की मात्र कंपनीच्या सर्व्हरचा दरवाजा ठोठावावा लागतो. हल्ली सोफाबॅटनसारखी नावं त्या जागी आली आहेत.

"डॉक्टरांना सांगू का, कंपनीने बनवायचं बंद केलं म्हणून?" काकूंच्या डोळ्यांत चमक आली.

"त्यांना माहीत असेल."

"वहिनींना नसेल."

ते तिथेच सोडून मी म्हटलं, "तुमचा मोबाइल आणा. यातला कोण कुठली भाषा बोलतो ते आधी बघू. चिन्मय ज्या रिमोटचं म्हणतोय त्याला तुमच्या काडीची भाषा येत नसेल तर अडीच हजार पाण्यात."

सेल्फीचा कॅमेरा सुरू करून तो रिमोटच्या नाकासमोर धरायचा. मागच्या कॅमेऱ्याला बऱ्याच फोनांत अदृश्य किरण गाळणारी काच असते, पुढच्याला बहुधा नसते. टीव्हीच्या रिमोटचं बटण दाबलं आणि पडद्यावर जांभळट पांढरा ठिपका लुकलुकला.

"अगोबाई! हा दिवा कुठून आला? डोळ्यांनी बघितलं तर काहीच नाही!"

"रोजच पेटतो. इन्फ्रारेड असतो, आपल्या डोळ्यांना दिसत नाही. बहुतेक रिमोटांत सेकंदाला ३८ हजारांच्या आसपास वेळा लुकलुकतो, आणि त्या लुकलुकण्याचे छोटे-मोठे तुकडे पाडून टिंब-रेघांसारखा निरोप जातो. प्रत्येक कंपनीची टिंबं वेगळी. म्हणून तर एकाचा रिमोट दुसऱ्याला चालत नाही."

डब्याचा रिमोट, स्पीकरचा, एसीचा, पंख्याचा, सगळे लुकलुकले. आता काडीचा घेतला. बाणाचं बटण दाबलं, ठिपका नाही. मधलं गोल दाबलं, नाही.

"मेला सेल गेला वाटतं."

"थांबा, आवाजाचं दाबा."

ठिपका चमकला. काकूंनी पुन्हा बाण दाबला, अंधार. पुन्हा आवाज, उजेड. एवढ्याशा खेळात त्या इतक्या रमल्या की पडवळ द्यायलाही आल्या होत्या हे विसरल्या.

"हा लबाड दोन तोंडांनी बोलतो की गो!"

"बरोबर. काडीशी बोलतो ब्लूटूथने आणि टीव्हीशी इन्फ्रारेडने. काडीला इन्फ्रारेडचे डोळेच नाहीत. ती टीव्हीच्या मागे लपलेली, तिला उजेड दिसणार कुठून? म्हणून राम आळीतल्या दुकानात दीडशे-दोनशेला मिळणारा कुठलाही युनिव्हर्सल रिमोट आणा, ही काडी त्याला दाद देणार नाही. ऑनलाइन मागवतानासुद्धा लोक यातच फसतात. खोक्यावर 'सगळ्यांना चालतो' लिहिलेलं असतं. ब्लूटूथ लिहिलंय का ते कुणी बघत नाही."

म्हणजे काडीचा चिमुकला रिमोट राहणारच. काकूंना तो आवडतो, तेव्हा प्रश्न मिटला. पंख्याचा नि एसीचा टीव्हीसमोर ठेवायचं कारणच नाही. भिंतीला खिळा मारून पंख्याचा पंख्याच्या बटणापाशी अडकवायचा. नानांना बातम्यांच्या वेळी तो हाती लागता कामा नये, एवढंच.

"आता उरले तीन," काकू म्हणाल्या. "टीव्ही, डबा, स्पीकर."

"आणि यातलाच एक प्रोग्रामेबल आहे."

"हॅः!"

मी केबलच्या डब्याचा रिमोट उचलला. वरच्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट आणि चौकटीत पाच बटणं: पॉवर, आवाज वर, आवाज खाली, एव्ही, आणि एक 'सेट'. बऱ्याच केबलवाल्यांच्या रिमोटवर ही चौकट असते आणि बऱ्याच घरांत ती जन्मभर कोरी राहते. लोकांना वाटतं ती बटणं बिघडलेली आहेत. ती न शिकवलेली असतात.

"ही कशाला दिली असतील?"

"तुमच्या दादरच्या ताईंकडे डबा कधी आला आठवतं? मुंबईत २०१२ च्या ऑक्टोबरअखेर सक्तीचा झाला. त्याआधी केबलची वायर सरळ टीव्हीत जायची, रिमोट एक. डबा आला आणि घरोघर दोन झाले. चॅनल डब्याच्या रिमोटवर आणि आवाज नि लाल बटण टीव्हीच्या. ते सांधायला ही चौकट."

"ताईकडे तर अजून दोन्ही रबर लावून एकत्र बांधलेत! भावोजी म्हणतात हाच माझा युनिव्हर्सल."

शिकवायच्या आधी सेल बघितले. झाकण काढलं तर स्प्रिंगवर हिरवट पांढरं फूल आलेलं. रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत याला पर्याय नाही. रिमोट बिघडला म्हणून फेकणाऱ्यांपैकी निम्म्यांचं दुखणं स्प्रिंगवरच असतं असा माझा अंदाज आहे. मुलाच्या कंपासमधलं खोडरबर आणून पत्री घासली, दोन्ही रिमोटांत नवे पेन्सिल सेल घातले. काकूंनी टीव्हीच्या रिमोटला चढवलेली प्लॅस्टिकची पिशवी काढायला लावली. ती काढताना त्यांना जिवावर आलं. "नवाकोरा आहे गो अजून," म्हणाल्या.

मग पोळपाट आणला, कारण चिरा खडबडीत आणि दोन्ही रिमोटांची नाकं एका पातळीत यायला हवीत. समोरासमोर ठेवले, मधे दोन बोटं अंतर. डब्याच्या रिमोटवरचं 'सेट' दाबून धरलं तसा त्याचा लाल दिवा झगझगीत होऊन स्थिर झाला. चौकटीतलं पॉवर दाबलं, दिवा लुकलुकायला लागला. म्हणजे तो आता ऐकायला तयार. टीव्हीच्या रिमोटचं लाल बटण दाबलं. काहीच नाही. परत दाबलं. नाही. जरा वेळाने दिवा कंटाळून विझला.

"बघ, मी म्हटलं नव्हतं? केबलवाल्याचं ते, कसलं शिकतंय!"

"ऊन बघा किती पडलंय. ऑक्टोबरचं. उन्हातही तेच इन्फ्रारेड असतं, हवं तेवढं. त्या झगमगाटात याला शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. सूप आणा."

काकूंनी निवडत ठेवलेले तांदूळ परातीत ओतले आणि सूप आणून दोन्ही रिमोटांवर पालथं धरलं. मी सुपाखाली हात घालून अंदाजाने बटणं दाबली. सेट. पॉवर. टीव्हीचं लाल, अलगद, एकदाच. दाबून धरलं तर एकच इशारा दहादा जातो आणि शिकणारा गोंधळतो. सुपाच्या फटीतून लाल दिवा पटपट तीनदा चमकलेला दोघींनी पाहिला.

"शिकलं?"

"शिकलं. आता आवाजाची दोन."

सुपाखाली हात चालू असताना मी त्यांना झेनिथची हकिकत सांगितली. अमेरिकेतल्या या कंपनीने १९५० मध्ये टीव्हीचा पहिला रिमोट काढला, तो वायरचा होता. वायर आल्यागेल्याच्या पायात यायची. मग १९५५ मध्ये यूजीन पॉली नावाच्या इंजिनियरने बिनवायरचा केला. फ्लॅशमॅटिक त्याचं नाव. टीव्हीच्या चार कोपऱ्यांत उजेड ओळखणारे चार डोळे, आणि हातात बॅटरीसारखा झोत. या कोपऱ्यावर झोत मारला की आवाज बंद, त्या कोपऱ्यावर मारला की चॅनल पुढे. सुंदर कल्पना. फक्त खिडकीतून ऊन टीव्हीवर आलं की चॅनल आपोआप बदलायचं.

"सुपं नव्हती वाटतं तिकडे."

"म्हणून पुढच्याच वर्षी रॉबर्ट ॲडलरने उजेडच काढून टाकला. रिमोटच्या आत ॲल्युमिनियमच्या दांड्या, बटण दाबलं की छोटी हातोडी दांडीवर टक्कन बसायची आणि माणसाला ऐकू न येणारा सूर निघायचा. प्रत्येक दांडीचा सूर वेगळा. सेलच नाहीत. आमच्या लॅबमध्ये ट्यूनिंग फोर्क होते ना, त्यातलाच प्रकार."

"सेल नाहीत? मग तो बंद का केला मेल्यांनी?"

याचं खरं उत्तर असं की बटणं वाढत गेली. चार दांड्या बसतात, चाळीस कुठून बसणार? पण काकूंचा प्रश्न मला अजूनही योग्य वाटतो. पुढे ऐंशीच्या दशकात इन्फ्रारेड रुळलं आणि रिमोट स्वस्त झाले, आणि स्वस्त झाल्यामुळे घरोघर त्यांची पिशवी भरली. ॲपलचा स्टीव्ह वॉझनियाक कंपनीतून बाहेर पडला तेव्हा त्याने हेच दुखणं हाती घेतलं. १९८७ मध्ये त्याने 'कोर' नावाचा, दुसऱ्या रिमोटांचे इशारे शिकून घेणारा आणि एका बटणात हवे तेवढे हुकूम साठवणारा रिमोट बाजारात आणला. इतका हुशार की सामान्य माणसाला तो चालवता येईना. काकूंना हे फारच आवडलं. "म्हणजे एवढ्या मोठ्या माणसाच्या घरातसुद्धा हीच बोंब!"

तिन्ही बटणं शिकवून झाली. 'सेट' पुन्हा दाबून धडा पक्का केला. काकूंनी गडग्यावरूनच हाक दिली, "अहो, टीव्ही बंद आहे ना?" मग तो रिमोट घेऊन स्वतःच पायऱ्या चढल्या. आतून बातम्यांचा आवाज आला, बंद झाला, पुन्हा आला, पुन्हा बंद झाला, पुन्हा आला. मग नानांचा आवाज आला आणि तो बातम्यांपेक्षा मोठा होता.

परत आल्या त्या तक्रार घेऊनच. "चालू-बंद झकास होतंय. आवाज मात्र जागचा हलत नाही. पडद्यावर आकडा वाढतो, स्पीकर ढिम्म."

"स्पीकर टीव्हीला कुठल्या वायरने जोडलाय? बारीक, टोकाला लाल उजेड दिसणारी?"

"तसलीच. चिन्मयने घाईघाईत लावली. त्याला ठाण्याची गाडी गाठायची होती."

"ती ऑप्टिकल. त्यातून नुसता आवाज जातो, हुकूम जात नाही. स्पीकरच्या खोक्यात एचडीएमआयची वायर होती?"

"एक वायर अजून पिशवीसकट पडल्येय माळ्यावर."

तीच हवी होती. टीव्हीच्या मागे ज्या एचडीएमआयच्या भोकाशी 'एआरसी' लिहिलेलं असतं तिथे ती लावायची आणि टीव्हीच्या सेटिंगमध्ये जाऊन सीईसी सुरू करायचं. मग टीव्ही सुरू झाला की स्पीकर आपोआप सुरू होतो, टीव्हीचा आवाज वाढवला की स्पीकरचा वाढतो, आणि स्पीकरचा रिमोट कपाटात जातो. काडीच्या रिमोटचं घराच्या चित्राचं बटण दाबलं की टीव्ही आपण होऊन काडीकडे वळतो, तो फायदा वेगळा. फुकटचं आहे हे सगळं. पण सेटिंगमध्ये सीईसी हे नाव शोधायला गेलात तर बहुधा मिळणार नाही. सॅमसंग त्याला ॲनीनेट प्लस म्हणतं, एलजी सिम्पलिंक, सोनी ब्राव्हिया सिंक. वस्तू एकच, बारशी निरनिराळी. ग्राहकाने दुसऱ्या कंपनीची वस्तू जोडू नये असं वाटण्यासाठीच ही नावं ठेवलीत की काय अशी मला शंका आहे. केबलचे डबे तर बहुतेक या बोलण्यात भागच घेत नाहीत. काडीवरून डब्याकडे परत यायचं असेल तेव्हा 'सोर्स' दाबावं लागतं. म्हणून चौकटीतल्या एव्हीच्या बटणाला टीव्हीचं 'सोर्स' शिकवून ठेवलं. सूप परत धरायला लागलं.

"एसीचं पण शिकवून टाक ना याला," काकूंना आता चव लागली होती. "रात्री ह्यांना सापडत नाही."

"चार बटणांच्या चौकटीत ते बसणार नाही. एसीचा रिमोट वेगळ्या जातीचा असतो. टीव्हीचा म्हणतो, 'आवाज एक वाढव', संपलं. एसीचा तसं म्हणत नाही. तुम्ही २५ चा २४ केलात की तो दर वेळी सगळं सांगतो: चालू राहा, गार कर, २४ वर ठेव, पंखा हळू, झडप वरखाली."

"आमच्या वन्संसारखा. चहा घेणार का विचारलं की सकाळपासूनची हकिकत."

"अगदी तसाच. आकडा त्या रिमोटवरच असतो, एसी काही परत कळवत नाही. म्हणून भिंतीआडून बटण दाबलं तर रिमोटवर २४ आणि एसी आपला २७ वर. हे लांबलचक बोलणं साध्या शिकणाऱ्या रिमोटच्या डोक्यात मावत नाही. थोडा बरा घेतलात तर एक बटण शिकवता येतं, २४ आणि पंखा हळू, आणि दुसरं बंदचं. तुम्ही रात्री दुसरं काही करताच कुठे?"

"चिन्मय म्हणत होता, ते वायफायवर चालणारं डबडं लावू. तोंडाने सांगितलं की झालं."

"ते येतं हजार-दीड हजारात. वायफायवरून हुकूम घेतं आणि खोलीभर इन्फ्रारेड फेकतं. एसीसाठी ते खरंच चांगलं, कंपन्यांचे एसी त्याला आधीच पाठ असतात. पण सांगायचं बहुधा हिंदीत नाहीतर इंग्रजीत, आणि पावसात फायबर तुटली की मुकं."

"नको बाई. हे त्याच्याशी हिंदीत बोलायला लागले तर शेजारपाजारचे धावत येतील."

मग विषय आळीतल्या पटवर्धनांच्या नातवावर गेला. जायलाच हवा होता. शाओमीच्या बऱ्याच रेडमी फोनांत इन्फ्रारेडचा दिवा असतो, फोनचाच रिमोट होतो. त्या कार्ट्याने सलूनमध्ये मॅच चालू असताना खिशातल्या खिशात टीव्ही बंद केला. न्हाव्याच्या हातात वस्तरा, गिऱ्हाइकाच्या गालाला फेस, आणि सगळे केबलवाल्याच्या नावाने शंख करतायत. तीन-चारदा केलं म्हणे. शेवटी आरशात पकडला गेला.

"आजोबांनी बडवला असेल."

"कसला बडवतायत! आजोबांनी तोच फोन घेतलाय आता. सुनेची मालिका सुरू झाली की देवघरातून..." काकूंनी अंगठ्याने बटण दाबल्याची खूण केली. "ती बिचारी रोज केबलवाल्याला फोन करत्ये. तू बोलू नकोस हं कुठे."

पडवळ अखेर माझ्या हातात आलं. काकूंनी रिमोट गोळा केले, टीव्हीच्या रिमोटला पुन्हा पिशवी चढवली. तो कपाटात ठेवा पण टाकू नका, असं मी बजावलं. स्वस्तातल्या काही रिमोटांचं सेल बदलताना शिकलेलं पुसलं जातं आणि मग परत शिकवायला मास्तर लागतो. सेटिंगमध्ये जायचं झालं तरी तोच लागणार.

"म्हणजे चिन्मयला सांगू, नको मागवू म्हणून?"

"सांगा. वाचले अडीच हजार."

काकू घुटमळल्या. "नाही, मी काय म्हणत होते... त्याने परवाच मागवलाय. मला बोलला नव्हता, मागाहून म्हणाला. आज-उद्या येईल. मी दुपारी पडलेली असते, तर कुरिअरवाला आला की तूच घेऊन ठेव. आणि खोकं आतच ठेव हो, ओट्यावर नको. डॉक्टरांच्या वहिनी संध्याकाळी इकडूनच फिरायला जातात."